जुन्या पद्धतीच्या चंदेरी झिरमिळ्या नाताळच्या झाडावर लावाव्यात का, आणि लावायच्या झाल्यास कशा?

पंचहौदकर

नमस्कार आणि जय ख्रिस्त.

यंदा घरातील नाताळच्या झाडाची सजावट माझ्याकडे आली आहे. सासूबाईंना आता स्टुलावर उभे राहून हात वर करणे झेपत नाही, मात्र झाड त्यांच्याच पद्धतीने सजावे हा त्यांचा आग्रह कायम आहे. त्यांच्या पद्धतीत झाडाभोवती चमकीची जाड माळ गुंडाळायची नसते. चंदेरी धातूच्या बारीक, लांब झिरमिळ्या फांदीफांदीवर एकेक करून सोडायच्या असतात, आणि त्या इतक्या सरळ लोंबतात की दिवे लावल्यावर प्रत्येकीवर प्रकाशाची एक उभी रेघ उमटते. आमच्या नात्यागोत्यात आता दुसऱ्या कोणाकडे असे झाड दिसत नाही, त्यामुळे नाताळच्या दिवशी भेटायला येणारी मंडळी फराळाकडे वळण्याआधी झाडापाशी जाऊन उभी राहतात.

या झिरमिळ्या आजेसासऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईहून आणल्या, असे घरात सांगतात. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर गुंडाळून त्या ठेवलेल्या आहेत. लांबी साधारण हातभर, रुंदी जेमतेम दोन मिलिमीटर. डबा उघडला तेव्हा त्यांची चकाकी बरीच उतरलेली दिसली, आणि पुठ्ठ्यावर जिथे त्या टेकून होत्या तिथे करड्या रेघा उठलेल्या आढळल्या. हाताळल्यावर माझ्या बोटांनाही तोच करडेपणा लागला. प्लॅस्टिकच्या मानाने त्या जड आहेत आणि जशा वाकवाव्यात तशाच राहतात.

घरात तीन वर्षांची मुलगी आहे आणि एक मांजरही आहे. त्यामुळे पहिली शंका अशी की, या झिरमिळ्या नेमक्या कशाच्या आहेत आणि त्या लावणे सुरक्षित आहे का? दुसरे म्हणजे, त्या लावण्याची योग्य रीत कोणती, कारण सासूबाई सांगतात त्यातले निम्मे "हाताला कळते" या सदरात मोडते. आणि जुन्या वापरता येणार नसतील, तर तसाच परिणाम देणारे काही पुण्यात मिळते का? बोहरी आळीत मी विचारून आले, परंतु तिथे मला दाखवण्यात आल्या त्या सगळ्या गणपतीच्या मखरालाही लावतात तशा झुबकेदार माळा होत्या.

---

धातुवेडा

पंचहौदकर ताई, आपण वर्णन इतके नेमके केले आहे की वस्तू समोर नसतानाही अंदाज बांधता येतो. कागदावर करडी रेघ उमटणे, वाकवल्यावर उसळून पूर्ववत न होणे आणि लहानशा जुडीचेही वजन हाताला जाणवणे ही तिन्ही लक्षणे एकत्र आली की शिशाचाच संशय घ्यावा लागतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर युरोप-अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या या प्रकारच्या झिरमिळ्या बहुतांशी शिशाच्या पातळ पत्र्याच्या असत आणि चकाकी टिकावी म्हणून त्यावर कथलाचा थर दिलेला असे. तो थर झिजला की आतले शिसे उघडे पडते आणि हवेशी संयोग होऊन त्यावर करडी पूड धरते. आपल्या बोटांना लागले ते हेच असावे.

या वस्तूचा जन्म शिशातून झालेला नाही. जर्मनीतील न्यूरेंबर्ग आणि त्याच्या दक्षिणेचे रोट हे गाव बारीक तार ओढण्याच्या आणि ती चपटी करण्याच्या कामासाठी नावाजलेले होते, आणि १६१० च्या सुमारास तिकडेच चांदीच्या पातळ पट्ट्यांपासून ही सजावट सुरू झाली, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. झाडावर पूर्वी मेणबत्त्या लावत, आणि त्यांचा प्रकाश परावर्तित करणे हे या पट्ट्यांचे काम होते. पण चांदी महाग, शिवाय हवेतील गंधकयुक्त वायूंनी काळवंडणारी. म्हणून तिच्या जागी स्वस्त धातू येत गेले. तांबे आले, ॲल्युमिनियम आले, आणि अखेर शिसे आले, ते मात्र लोकांच्या मनात भरले. त्याचे कारण घनतेत आहे. ॲल्युमिनियम एका घन सेंटिमीटरला २.७ ग्रॅम भरते, कथील ७.३ ग्रॅम, तर शिसे ११.३ ग्रॅम. पट्टी जितकी जड आणि जितकी मऊ, तितकी ती ओळंब्यासारखी सरळ खाली राहते आणि वाऱ्याच्या झुळकेने फांदीला गुरफटत नाही. आपल्या सासूबाईंच्या झाडाचे जे कौतुक होते त्यात या वजनाचा वाटा फार मोठा आहे.

दुर्दैवाने शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय करते, आणि त्याची अमुक इतकी मात्रा निर्धोक आहे असे जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७१ मध्ये शिशाच्या झिरमिळ्या मुलांच्या दृष्टीने अनावश्यक धोका आहेत असा निष्कर्ष काढला, आणि उत्पादक व आयातदारांशी झालेल्या समजुतीनुसार १९७२ च्या आरंभापासून तिथे त्या बंद झाल्या. धडधाकट त्वचेतून धातुरूप शिसे फारसे आत जात नाही. धोका आहे तो हाताला लागलेली पूड तोंडात जाण्याचा आणि गळून पडलेली पट्टी मुलाने चघळण्याचा. तीन वर्षांचे मूल झाडाच्या सर्वांत खालच्या फांदीच्या उंचीचे असते, हे वेगळे सांगायला नको.

खात्री करायची असल्यास एक जुडी पांढऱ्या कागदावर हलके ओढून पाहा. शिशाची रेघ पेन्सिलीसारखी स्पष्ट उमटते. लोहचुंबकाचा उपयोग नाही, कारण यांपैकी कोणताच धातू त्याला चिकटत नाही. मेणबत्तीवर धरून पाहण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो कृपया मानू नये. शिसे ३२७ अंशांना वितळते आणि तापवलेल्या शिशाचा धूर घरात मुळीच नको. सोन्याची शुद्धता ज्या क्ष-किरण पद्धतीने तपासतात त्याच पद्धतीने शिसेही ओळखता येते, तेव्हा ओळखीचा सराफ असल्यास विचारून पाहावे. त्याने नकार दिल्यास वाईट वाटून घेऊ नये.

माझे मत स्पष्ट आहे. ज्या घरात लहान मूल आहे त्या घरातील झाडावर या झिरमिळ्या चढवू नयेत. "वरच्या फांद्यांवर लावू" ही तडजोडही करू नये, कारण वरचे खाली पडतेच.

थोडे अवांतर: दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानांनी जर्मन रडार आंधळे करण्यासाठी ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या कागदाच्या लाखो पट्ट्या आकाशातून सोडल्या. त्यांचा पहिला मोठा वापर जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गवर झाला. पट्टीची लांबी सुमारे २७ सेंटिमीटर, म्हणजे त्या रडारच्या तरंगलांबीच्या निम्मी ठेवलेली होती. खाली पडलेल्या या पट्ट्या पुढे तिथल्या काही घरांत नाताळच्या झाडावर लागल्या, असे अनेकांच्या आठवणींत येते.

---

खडकीकर

वरील उत्तर रास्त आहे, त्यामुळे जुन्या झिरमिळ्यांविषयी मी काही लिहीत नाही. मात्र लावण्याची रीत धातू कोणताही असला तरी तीच राहते, आणि ती आता फार थोड्यांना ठाऊक आहे. आमच्या घरी हे काम थोरल्या आत्याबाईंकडे होते, आणि त्यांच्या हाताखाली आम्ही सर्व भावंडे राबलो आहोत.

झिरमिळ्या सर्वांत शेवटी लावायच्या. आधी दिव्यांची माळ, तीही बाहेरून गुंडाळलेली नव्हे तर खोडापासून फांदीच्या टोकापर्यंत नेऊन परत आणलेली, म्हणजे झाडाच्या पोटातही उजेड राहतो. मग काचेचे गोळे, घंटा, तारे, आणि टोकावरची चांदणी. हे सर्व पुरे झाल्यानंतर दिवे लावून झाड अंधाऱ्या खोलीत एकदा लांबून पाहावे. जिथे काळोखाचे खड्डे दिसतात तिथे झिरमिळ्यांची खरी गरज असते. जिथे आधीच झगमगाट आहे तिथे त्या वाया जातात.

त्यानंतर वरून खाली यायचे, म्हणजे लावून झालेल्या पट्ट्यांना बाही लागत नाही. प्रत्येक फांदीवर आतून बाहेर जायचे. पुठ्ठ्यावरून एकच पट्टी सोडवून डाव्या मनगटावर आडवी घ्यायची, उजव्या हाताच्या दोन बोटांत तिचा मध्य धरायचा आणि फांदीवर असा ठेवायचा की एक बाजू दुसरीपेक्षा थोडी लांब राहील. दोन्ही टोके समान ठेवली तर सगळ्या झाडावर एका उंचीची झालर तयार होते आणि ती कृत्रिम दिसते. दोन पट्ट्यांत बोटभर अंतर असावे. मुख्य म्हणजे पट्टी खालच्या फांदीला टेकता कामा नये. तिच्याखाली मोकळी हवा हवी, नाहीतर ती वाकते आणि तिच्यावरचा उजेड तुटतो.

मूठभर पट्ट्या घेऊन झाडावर भिरकावणारे लोक मी पाहिले आहेत. हा प्रकार पाच मिनिटांत उरकतो आणि तसाच दिसतो.

झाड कोणते आहे यावरही बरेच अवलंबून असते, आणि आपण ते लिहिलेले नाही. कुंडीतील अरौकेरिया असेल तर उत्तम, कारण त्याच्या फांद्या मजल्यामजल्याने आडव्या फुटतात आणि दोन मजल्यांमध्ये चांगली पोकळी असते. झिरमिळ्यांसाठी जणू तेवढ्याकरताच ती ठेवलेली असते. सोलापूर रस्त्यावरच्या रोपवाटिकांत डिसेंबरमध्ये ही झाडे सहज मिळतात. सुरूची फांदी आणून उभी करण्याची जुनी पद्धत असेल तर तिची पाने म्हणजे मुळात बारीक लोंबत्या काड्याच असतात, त्यात झिरमिळी हरवून जाते. तिथे मी गोळे आणि कागदी तारे पुरेसे मानतो. बाजारातील प्लॅस्टिकचे झाड भरगच्च असेल तर पट्ट्या केवळ फांद्यांच्या टोकांवर लावाव्यात, आत कोंबू नयेत.

पुण्याच्या डिसेंबरविषयी एक सूचना. हवा कोरडी असल्यामुळे आजच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर स्थिर विद्युतभार साचतो. त्या बोटांना, स्वेटरच्या बाहीला आणि एकमेकींना चिकटतात आणि लोंबायचे सोडून फांदीवर आडव्या पडतात. लोकरीचे कपडे घालून हे काम करू नये, आणि मधूनमधून हात किंचित ओले करून घ्यावेत. तेवढ्याने त्या बऱ्याच ताळ्यावर येतात.

काढतानाही घाई नको. आमच्याकडे ६ जानेवारीपर्यंत झाड उभे असे. त्यानंतर पट्ट्या एकेक करून उतरवायच्या, दोन बोटांतून ओढून सरळ करायच्या आणि वरखाली खाचा पाडलेल्या पुठ्ठ्यावर गुंडाळायच्या. ही शिक्षा असते असे आम्हा मुलांना वाटे, परंतु पुढच्या वर्षी गुंता सोडवत बसण्यापेक्षा ती पुष्कळ सौम्य होती.

---

आळीकर

एवढे सगळे करण्यापेक्षा बोहरी आळीतील चमकीची माळ घ्यावी आणि मोकळे व्हावे, असे माझे प्रामाणिक मत आहे. पीव्हीसीच्या पातळ फिल्मवर ॲल्युमिनियमचा सूक्ष्म थर बसवून ती केलेली असते, ती धुता येते, आणि शिशाचा प्रश्न तिथे उद्भवत नाही. झाडाच्या दर फुटाला दहा फूट माळ असा हिशेब सांगतात. तो बारीक मण्यांच्या माळेला ठीक आहे; झुबकेदार माळ तेवढी लावली तर झाडाचा हिरवा रंग औषधालाही उरत नाही. निम्मी पुरते.

झिरमिळ्याच हव्या असतील तर स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियम फॉइल जाड पुठ्ठ्यावर ताणून चिकटपट्टीने चारही बाजूंनी बसवावी आणि पोलादी पट्टी व नवे पाते घेऊन दोन-तीन मिलिमीटरच्या पट्ट्या कापाव्यात. खर्च नगण्य आहे.

---

खडकीकर

आळीकर साहेब, फॉइलचा उपाय करून पाहिलेला आहे. पहिल्या दिवशी बरा दिसतो. परंतु ही फॉइल अत्यंत पातळ असते, तिला वजन नाही, आणि हात लागला की जी सुरकुती पडते ती कायमची. दार उघडले की सगळे झाड सळसळते. शिवाय कापलेल्या कडा धारदार असतात, त्यामुळे लहान मुलांच्या हाती ते काम देऊ नये. शाळेच्या रंगमंचावर किंवा देवळाच्या सभागृहात, जिथे लोक दहा फुटांवरून पाहतात, तिथे मात्र मी तोच उपाय सुचवेन.

---

वर्खवाला

मी भरतकामाच्या साहित्याच्या व्यवसायात आहे, म्हणून या चर्चेत एक निराळा मार्ग सुचवतो. आपण सर्वजण ज्या वस्तूची जर्मन आवृत्ती शोधत आहात, तिची भारतीय बहीण आपल्याकडे शेकडो वर्षे आहे आणि अजूनही विकली जाते. तिचे नाव बादला.

जरीचा धागा तयार करताना चांदीची किंवा चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याची तार क्रमाक्रमाने लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढून केसासारखी बारीक करतात आणि मग दोन गुळगुळीत रुळांमधून दाबून चपटी करतात. ही चपटी तार म्हणजे बादला. रेशमाच्या किंवा सुताच्या धाग्यावर ती गुंडाळली की जरीचा धागा तयार होतो, जो पैठणीच्या पदरात आणि काठात जातो. सुरत हे या कामाचे मोठे केंद्र आहे. लखनौच्या मुकेशकामात हाच बादला धाग्याविना, नुसता कापडातून ओवून वापरतात. न्यूरेंबर्ग आणि रोट येथे जे होत होते ते तंत्राच्या दृष्टीने यापेक्षा फारसे निराळे नव्हते: ओढा, चपटे करा, चमकू द्या.

रविवार पेठेत जरीकामाचे आणि भरतकामाचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत विचारल्यास बादला मिळेल. मात्र घेताना पाहून घ्यावे, कारण आज बहुतेक माल पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मवर धातूचा थर दिलेला असतो आणि त्यालाही दुकानदार बादलाच म्हणतो. फरक ओळखणे सोपे आहे. एक तुकडा नखाने मधोमध दुमडावा. धातूचा असेल तर घडी पडते आणि राहते. प्लॅस्टिकचा असेल तर तो हळूच परत उलगडतो. धातूचा तुकडा पात्याच्या टोकाने किंचित खरवडला की आत तांबूस रंग दिसतो, म्हणजे तो मुलामा दिलेल्या तांब्याचा आहे. अस्सल चांदीचा बादला झाडासाठी घेण्याइतके धाडस कोणी करेल असे मला वाटत नाही.

धातुवेडा यांनी वजनाचा मुद्दा मांडला आहे, तो इथेही आडवा येतो. तांब्याची घनता ८.९ आहे, परंतु बादला इतका अरुंद आणि पातळ असतो की सुट्या पट्टीला स्वतःचे ओझे जवळजवळ नसते आणि रिळावरून सोडवल्यावर तिला वळ राहतो. त्यावर दोन उपाय आहेत. पट्टी दोन टोकांना धरून बोटांत मऊ सुती कापड घेऊन हलक्या हाताने ओढावी, म्हणजे वळ निघतो. आणि खालच्या टोकाला भरतकामातील सर्वांत लहान काचेचा मणी ओवून टोक दुमडावे. तो मणी दिव्याखाली फारसा दिसत नाही, पण पट्टी ताणून धरतो. कंटाळवाणे काम आहे, हे मान्य करतो. सर्व झाड असे करू नये. पुढच्या बाजूच्या, नजरेच्या उंचीवरील फांद्यांना करावे आणि बाकी ठिकाणी तीन-चार तारा एकत्र धरून सोडाव्यात.

ठेवताना रबरबँड लावू नये. रबरातील गंधकाने चांदीचा मुलामा काळा पडतो. बटर पेपरात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डब्यात, ओलावा शोषणारी पुडी घालून ठेवावा.

---

धातुवेडा

वर्खवाला यांची सूचना मला फार आवडली. एक भर घालणे आवश्यक आहे: तांबे विजेचे उत्तम वाहक आहे. आपल्याकडील जुन्या तोरणांत लहान बल्ब एकसरीत जोडून थेट २३० व्होल्टवर लावलेले असतात, आणि होल्डरपाशी उघड्या तारा राहणे ही नित्याची बाब आहे. धातूची बारीक पट्टी तिथे शिरली तर धक्का बसू शकतो किंवा ठिणगी पडू शकते. त्यामुळे धातूच्या झिरमिळ्या लावायच्या असतील तर दिवे कमी व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारे किंवा बॅटरीवरचे एलईडीच असावेत, आणि अडॅप्टर झाडापासून दूर भिंतीतल्या सॉकेटमध्येच असावा. मेणबत्त्यांचा विचार तर कोणी करू नये, विशेषतः प्लॅस्टिकच्या झाडावर.

---

मांजरसखी

शिशाविषयी सर्वांनी लिहिले, मांजराविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून हे टिपण. मांजराला लोंबणारी, हलणारी, चकाकणारी पट्टी दिसली की ते तिच्याशी खेळणार आणि बहुधा गिळणार. पट्टी शिशाची असो, तांब्याची असो वा प्लॅस्टिकची, धोका तिच्या लांबीत आहे. तिचे एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकते, दुसरे आतड्यात उतरते, आणि आतडे ती पुढे ढकलण्याच्या प्रयत्नात तिच्यावर चुण्यांसारखे गोळा होते. ताणलेली पट्टी मग आतड्याची भिंत कापू शकते. अशा वेळी बहुधा शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते.

मांजर खाईनासे झाले, वारंवार ओकू लागले, लपून बसू लागले तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. तोंडातून किंवा गुदद्वारातून पट्टीचे टोक बाहेर आलेले दिसले तर ते स्वतः ओढू नये. ओढल्याने आतली इजा वाढते.

व्यवहारात एवढेच करता येते की झिरमिळ्या झाडाच्या वरच्या अर्ध्यातच लावाव्यात, खालच्या अर्ध्यात लाकडी किंवा कापडी खेळणी टांगावीत, झाड टेबलावर ठेवावे, आणि रात्री त्या खोलीचे दार लावून घ्यावे. यात मणी लावलेल्या पट्ट्या तीन वर्षांच्या मुलीच्या हाती लागू नयेत हेही साधते. माझ्या घरी दोन मांजरे आहेत आणि झिरमिळ्या नाहीत.

---

पंचहौदकर

सर्वांचे मनापासून आभार. कागदावर जुडी ओढून पाहिली. रेघ लख्ख उमटली. स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर जुडी ठेवून तेवढ्याच आकाराच्या फॉइलच्या जुडीशी तुलना केली, तर फरक विचारण्यापलीकडचा होता. सासूबाईंना धातुवेडा यांचे उत्तर वाचून दाखवले. पहिली प्रतिक्रिया "आम्ही एवढी वर्षे लावल्या, काय झाले?" अशी आली; मात्र नातीचे नाव निघाल्यावर त्या काही बोलल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारले की तो बादला कुठे मिळतो.

झाड कुंडीतील अरौकेरियाच आहे, उंची चार फुटांच्या आत, आणि ते टेबलावर ठेवण्याचे ठरले आहे. दिवे नवे, कमी व्होल्टचे घेतले. आता दोन शंका उरल्या आहेत. जुन्या झिरमिळ्या कचऱ्यात कशा द्याव्यात? सासूबाईंना त्यातील थोड्या आठवण म्हणून ठेवायच्या आहेत, ते चालेल का? आणि वर्खवाला दादा, बादला किती घ्यावा?

---

धातुवेडा

आठवण म्हणून एक पुठ्ठा काचेच्या बंद चौकटीत, मागून चिकटपट्टीने सांधे बुजवून, भिंतीवर उंच लावण्यास माझी हरकत नाही. चौकटीच्या मागे "आत शिसे आहे, उघडू नये" असे लिहून ठेवावे; पुढच्या पिढीला ते कळायला दुसरा मार्ग नसतो.

बाकीच्या झिरमिळ्या ओल्या वा सुक्या कचऱ्यात टाकू नयेत आणि भंगारातही देऊ नयेत, कारण भंगारातले शिसे कुठेतरी उघड्यावर वितळवले जाण्याची भीती असते. घरगुती घातक कचरा हा निराळा प्रकार आहे, तो वेगळाच द्यायचा असतो. जाड पिशवीत बांधून, वर "शिसे" असे ठळक लिहून, आपल्याकडे कचरा घ्यायला येणाऱ्या "स्वच्छ" या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंच्या हाती वेगळे द्यावे आणि आत काय आहे ते तोंडीही सांगावे. डबा झटकू नये किंवा झाडूने साफ करू नये. ओल्या कागदाने पुसून तो कागद त्याच पिशवीत टाकावा. हे सर्व करताना हातमोजे घालावेत आणि मुलीला दुसऱ्या खोलीत ठेवावे.

---

वर्खवाला

ताई, बादला रिळावर आणि वजनावर मिळतो. चार फुटांच्या अरौकेरियाला, तेही वरच्या अर्ध्यातच लावायचा असल्याने, सर्वांत लहान रीळ आणून सुरुवात करावी; तार इतकी बारीक असते की थोड्या वजनातही पुष्कळ लांबी येते. आधी एका फांदीवर लावून दिव्यात पाहावा, मग लागल्यास आणखी घ्यावा. दुकानात "नाताळच्या सजावटीसाठी" असे सांगू नये, कारण मग माळाच समोर येतील. "भरतकामाचा चपटा बादला, तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेला, प्लॅस्टिकचा नको" असे म्हणावे, आणि सोबत सर्वांत बारीक पांढरे काचेचे मणी मागावेत. सकाळी लवकर गेलात तर गर्दी कमी असते आणि दुकानदाराला रीळ उलगडून दाखवायला वेळही असतो.